मत्स्यबीजाचा धंदा : आधी पाणपिसवांचे पोट पहा

गेल्या पावसाळ्यात पारनेर तालुक्यातील ओळखीचा एक तरुण आमच्याकडे तक्रार घेऊन आला. त्याने शेतात नवे शेततळे खणले होते. पहिल्या दोन जोराच्या पावसात ते भरले आणि त्याने लगोलग मत्स्यजिऱ्याच्या पिशव्या आणून त्यात सोडल्या. अर्धे पैसे रोख दिले, अर्धे उधार ठेवले. पंधरा दिवसांनी जाळे ओढले तर मूठभरही बीज हाती लागले नाही. "चाचा, त्या माणसाने मेलेला माल माझ्या गळ्यात मारला. उरलेले पैसे मी देणार नाही आणि चार गावांत त्याचे नावही सांगणार," असे तो तावातावाने म्हणाला.

आम्ही त्याला एवढेच विचारले, "पिशवी सोडली तेव्हा पिल्ले हलत होती का?" तो म्हणाला, "हलत होती, चांगली पळत होती." मग माल मेलेला कसा? धंद्यात तोटा झाला की पहिला संशय समोरच्यावर जातो. पैसा पुन्हा मिळवता येतो, पण एखाद्याची साख विनाकारण घालवली तर ती भरून देता येत नाही. म्हणून नाव घेण्यापूर्वी तळे पाहू, असे ठरवून आम्ही त्याच्याबरोबर गेलो.

तळ्यातले पाणी दुधाच्या चहासारखे होते. काचेच्या ग्लासात भरून घेतले तर पलीकडचा हात दिसेना. शाळेतल्या मुलांकडे असते तसे साधे भिंग आमच्याजवळ होते. त्यातून पाहिले तेव्हा ग्लासात टुणटुण उड्या मारणारे दोन-चार जीव दिसले. त्यांची पोटे मातकट तपकिरी होती. तोट्याचे कारण बहुधा तिथेच होते. माल मेलेला नव्हता, तो उपाशी मेला होता.

मत्स्यजिरे काय खाते?

हा धंदा करू इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांनी आधी शब्द समजून घ्यावेत. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले, जिऱ्याच्या दाण्याएवढे पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. ते पंधरा-वीस दिवसांत साधारण एक इंचाचे झाले की त्याला मत्स्यबीज म्हणतात. पुढे दोन-तीन महिने वाढवले की बोटाएवढी बोटुकली होते. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्याकडचे मुख्य मासे. त्यांचे बीज पूर्वी नदीतून धरून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि बीज केंद्रात तयार होऊ लागले. म्हणूनच १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

अंड्यातून निघालेले पिल्लू पहिले दोन-तीन दिवस पोटाखालच्या पिशवीतील शिदोरीवर जगते. ती संपली की त्याला तोंडात मावेल एवढे जिवंत खाद्य लागते. हे खाद्य म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी. शास्त्रज्ञ त्यांना प्राणी प्लवंग म्हणतात. त्यात चाकासारखे केस फिरवणारे रोटिफर असतात. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून सुरू होतात. त्यांच्याहून मोठे, अर्ध्या मिलिमीटरपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचे, उड्या मारत पोहणारे जीव म्हणजे मोइना आणि डॅफ्निया. दिसायला ते पिसवांसारखे असतात, म्हणून आपण त्यांना पाणपिसू म्हणू. पिल्लू आधी रोटिफर खाते, थोडे मोठे झाले की पाणपिसवा खाते. कटला तर मोठेपणीही मुख्यतः याच खाद्यावर जगतो.

या पाणपिसवा जगतात पाण्यातल्या सूक्ष्म हिरव्या शेवाळावर आणि जिवाणूंवर. म्हणजे साखळी अशी : शेणखत व ऊन यांमुळे शेवाळ, शेवाळावर पाणपिसू, पाणपिसवेवर पिल्लू आणि पिल्लावर आपली रोजी. मधली कडी डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. तोटा मात्र तिथूनच सुरू होतो.

पाणपिसू कशी जेवते?

पाणपिसू शिकार करत नाही. तिच्या पायांवर बारीक केसांच्या फण्या असतात. पाय सेकंदाला अनेक वेळा हलतात, पाण्याचा प्रवाह अंगातून जातो आणि फण्यांत अडकलेले कण तोंडाकडे ढकलले जातात. गृहिणी चाळणीने पीठ चाळते तसाच हा प्रकार. या चाळणीची भोके मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतात. त्यामुळे शेवाळाचे अगदी लहान कणही तिला धरता येतात.

पण या चाळणीत एक उणीव आहे. पाणपिसवेला कण फारसे निवडता येत नाहीत. शेवाळ आणि चिकणमातीचा कण एकाच मापाचे असतील तर दोन्ही पोटात जातात. गढूळ पाण्यात तिचे पोट मातीने भरते आणि अन्नाला जागाच उरत नाही. फण्या माखल्या की त्या झटकण्यात ताकद जाते. गाळण्याचा वेग घटतो, अंडी कमी होतात, पिल्ले कमी होतात. अमेरिकेत १९८३ साली डॅफ्नियावर आणि १९९० साली पाणपिसवा व रोटिफर यांवर झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले आहे. त्यात आणखी एक गोष्ट आढळली. चिखलाचा त्रास पाणपिसवांना जास्त आणि रोटिफरना बराच कमी होतो, कारण रोटिफर कण निवडून घेऊ शकतात. म्हणून गढूळ तळ्यात पिल्लांना पहिले चार-सहा दिवस थोडेफार खायला मिळते. त्यांना मोठा घास हवा असतो तेव्हा मात्र तळ्यात तो नसतो. आमच्या तरुणाची पिल्ले बहुधा याच टप्प्यावर गेली.

गढूळपणाचा दुसरा फटकाही आहे. ऊन पाण्यात शिरत नाही, म्हणून शेवाळच वाढत नाही. ताटात माती वाढली जाते आणि स्वयंपाकघरही बंद होते.

काहीजण म्हणतील, गाळ आपोआप खाली बसेलच की. बसेल, पण वेळ घेईल. हजार भागांतल्या दोन भागांएवढ्या मातीच्या कणाला अगदी स्थिर पाण्यात एक फूट खाली जायला सुमारे एक दिवस लागतो. त्याच्या निम्म्या आकाराच्या कणाला चार दिवस लागतात. त्यात वारा सुटला, जनावरे तळ्यात उतरली किंवा नवा लोंढा आला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. काळ्या जमिनीतली चिकणमाती तर याहून बारीक असते.

राळेगणसिद्धीचा धडा

"मग मी काय पाऊस गाळून घेऊ?" असे त्या तरुणाने विचारले. त्याचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा दाखवणे बरे वाटले. राळेगणसिद्धी त्याच्याच तालुक्यातले. येताना वाट वाकडी करून आम्ही त्याला तिकडे घेऊन गेलो.

राळेगणची कथा महाराष्ट्राला माहीत आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला हा अवर्षणग्रस्त भाग. वर्षाला साधारण चारशे ते पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातील नोकरी संपवून गावी परतले तेव्हा गावात पाणी नव्हते आणि दारूच्या भट्ट्या मात्र होत्या. गावच्या पाझर तलावात पाणी टिकत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला. पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचे काम करणारे विलासराव साळुंखे यांच्या कामापासूनही त्यांनी धडा घेतला. मग उतारावर चर, नाल्यांवर बांध आणि माळावर झाडे अशी माथा ते पायथा कामे झाली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने ठरवली आणि पाळली. विहिरींना पाणी आले. १९९२ साली राज्य शासनाने आदर्श गाव योजना सुरू केली, तिच्यामागे हेच उदाहरण होते.

हे सारे काम विहिरींसाठी आणि पिकांसाठी झाले, मत्स्यबीजासाठी नव्हे. पण मत्स्यबीजवाल्याने तिथून शिकावे असे बरेच आहे. उघड्या माळावर पावसाचा थेंब पडतो तेव्हा तो माती उडवतो आणि लोंढा ती तळ्यात आणतो. माळावर गवत असेल तर थेंब गवतावर पडतो. वाटेत चर आणि बांध असतील तर लोंढ्याचा वेग मोडतो, गाळ वाटेतच बसतो आणि खाली येणारे पाणी निवळ असते. चराईबंदीने गावाला गवत दिले आणि माती जागेवर ठेवली. जी माती वर राहिली ती खालच्या पाणपिसवेच्या पोटात जात नाही. डोंगरावरची शेळी आणि तळ्यातले पिल्लू यांचा असा संबंध आहे.

प्रत्येकाला डोंगर बांधता येणार नाही. पण तळ्याच्या वरच्या बाजूला दहा-पंधरा फूट रुंदीचा गवताचा पट्टा ठेवता येतो. पाणी आत शिरते त्या तोंडाशी एक लहान खड्डा घेऊन लोंढा आधी त्यात थांबवता येतो. तळ्याच्या काठांवर हरळी लावता येते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर वळवून नंतरचे आत घेता येते. याला पैसा थोडा आणि मेहनत जास्त लागते.

गढूळपणाशिवाय आणखी काय?

पाणी निवळ झाले म्हणजे सर्व झाले असे नाही. पाणपिसवेच्या भुकेवर आणखी चार गोष्टींचा परिणाम होतो.

पहिली, उष्णता. थंड पाणी दाट असते आणि अंगाचे व्यवहारही थंडीत मंदावतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत पाणपिसू सावकाश जेवते आणि सावकाश वाढते. पाणी वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास असताना बहुतेक जातींचे खाणे जोरात असते. मोइना याहून थोडी जास्त उष्णता सोसते. पण उन्हाळ्यात उथळ तळे फार तापले की खाणे पुन्हा घटते.

दुसरी, प्राणवायू. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने वीस अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना सुमारे साडेसात. रात्री शेवाळही प्राणवायू घेते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. प्राणवायू कमी पडू लागला की डॅफ्निया आपल्या अंगात रक्तातले लाल द्रव्य वाढवते आणि गुलाबी-लालसर दिसू लागते. तळ्यात अशा लालसर पाणपिसवा दिसल्या तर शेण टाकणे थांबवावे, ही निसर्गाची सूचना आहे.

तिसरी, शेवाळाची जात. सगळे हिरवे चांगले नसते. खत जास्त झाले की निळे-हिरवे शेवाळ पाण्यावर सायीसारखे जमते. त्याचे पुंजके चाळणीत मावत नाहीत, फण्या अडकतात आणि त्याच्या काही जाती विषारीही असतात. अशा पाण्यात पाणपिसू भरल्या ताटापुढे उपाशी राहते. अती हिरव्या पाण्यात दुपारी अल्कतेचा आकडा, म्हणजे पीएच, नऊच्या वर जातो आणि शेणातून निघणारा अमोनिया पिल्लांना बाधतो. साडेसात ते साडेआठ हा आकडा बरा.

चौथी, औषधफवारणी. पाणपिसू ही कीटकांची लांबची नातेवाईक. जे औषध कांद्यावरच्या किंवा डाळिंबावरच्या किडीला मारते ते तिलाही मारते, आणि न मारण्याइतके थोडे असले तरी तिचे खाणे मंदावते. रसायनाचा पाण्यातील विषारीपणा तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा डॅफ्नियाच वापरतात, ते तिच्या याच नाजूकपणामुळे. फवारणीचा पंप तळ्यात धुणारा माणूस स्वतःच्या बीजाचे जेवण धुऊन टाकत असतो.

काचेसारखे पाणीही नको

२०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि शेततळ्यांची संख्या वाढली. अनेकांनी प्लास्टिकचे अस्तर घातले. त्यात विहिरीचे पाणी भरले की तळ दिसतो आणि मालक खूश होतो. पण मत्स्यजिऱ्यासाठी हे पाणी रिकाम्या ताटासारखे आहे. त्यात शेवाळ नाही आणि पाणपिसूही नाही.

जुन्या मातीच्या तळ्यात पाणपिसवा आपोआप येतात. दिवस वाईट आले की पाणपिसू जाड कवचाची अंडी घालते. ती सुकलेल्या गाळात वर्षानुवर्षे टिकतात आणि पाणी आले की फुटतात. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या तलावाच्या तळात असे बियाणे पडून असते. प्लास्टिकच्या नव्या तळ्यात ते नसते. तिथे जुन्या तळ्यातील पाणपिसवा विरजणासारख्या आणून सोडाव्या लागतात. मात्र त्यांच्याबरोबर पाणकिडे आणि मांसाहारी माशांची पिल्ले येऊ नयेत म्हणून पाणी आधी मच्छरदाणीच्या कापडातून गाळावे. पाणपिसवा खाली उतरतात, मोठे शत्रू वर अडकतात.

घरच्या घरी परीक्षा

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पुढील चार गोष्टी कोणीही करू शकतो.

एक, हात बुडवून पाहणे. सकाळी नऊ-दहा वाजता हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. तळहात जेमतेम दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर पाणी जास्त दाट आणि बोटे स्वच्छ दिसली तर खाद्य कमी.

दोन, ग्लास. दाट पाणी हिरवे आहे की मातकट, हे ग्लासात भरून उन्हाकडे धरून पहावे. मातकट असेल तर पिशव्या आणू नयेत. चिकणमाती बसतच नसेल तर थोडे जिप्सम घालून आधी बादलीत करून पहावे आणि उपयोग दिसला तरच तळ्यात वापरावे.

तीन, गाळणी. तळ्यात पाच-सहा ठिकाणचे मिळून पन्नास लिटर पाणी प्लवंग गाळण्याच्या बारीक जाळीतून गाळावे. जाळीत उरलेला साका मापाच्या नळीत बसू द्यावा. तो एक ते दोन मिलिलिटर भरला तर जिऱ्यापुरते खाद्य आहे असे समजावे.

चार, भिंग. पाणपिसवेचे अंग पारदर्शक असते आणि आतड्याचा रंग बाहेरून दिसतो. आतडे हिरवे असेल तर ती शेवाळ खाते आहे. तपकिरी असेल तर बहुधा माती खाते आहे, रिकामे असेल तर उपाशी आहे. पाठीवरच्या पिशवीत अंडी दिसली तर उद्याचेही खाद्य तयार होत आहे.

पाच गुंठ्यांचा हिशेब

पाच गुंठे म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटर. अशा मातीच्या तळ्यात एक ते दीड मीटर पाणी असावे. आधी १० ते १५ किलो चुना टाकावा. मग साडेसदतीस किलो भुईमूग पेंड, १० किलो शेण आणि अडीच किलो सुपर फॉस्फेट एकत्र भिजवून घ्यावे. त्यातील निम्मे जिरे सोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस टाकावे आणि उरलेले पुढे दोन-तीन हप्त्यांत, पाण्याचा रंग पाहून द्यावे. केंद्रीय मत्स्यसंस्थांनी हेक्टरी सांगितलेल्या मात्रेचा हा विसावा भाग आहे.

एवढ्या तळ्यात दीड ते अडीच लाख जिरे सोडतात. दीड लाखाचाच हिशेब करू. शंभरात तीस जगले तर ४५,००० बीज, चाळीस जगले तर ६०,०००. पाणी न पाहता सोडले आणि शंभरात दहाच जगले तर १५,०००. जिऱ्याची किंमत, वाहतूक, पेंड आणि राखणदारी तिन्ही वेळा तीच. नफा-तोटा केवळ पाण्याने ठरतो.

आपल्याकडच्या कोरड्या तालुक्यांना या धंद्यात एक सोय आहे. जिऱ्यापासून बीज व्हायला पंधरा-वीस दिवस आणि बोटुकली व्हायला आणखी दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे उन्हाळ्यात आटणारे तळेही चालते. बारमाही तलाववाल्यांना बीज हवे असते आणि हंगामी तळेवाला ते देऊ शकतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. पाझर तलाव हा गावाच्या विहिरींसाठी असतो. त्यात झिरपलेले पाणीच लोक पितात. म्हणून शेण-पेंडीचे प्रयोग आपल्या शेततळ्यात करावेत, गावच्या तलावात नव्हे. गावच्या तलावात मासे सोडायचे असतील तर तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते पाहून रीतसर परवानगी घ्यावी. बाकी मार्गदर्शनासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे.

आमच्या त्या तरुणाचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. राळेगणहून परतल्यावर त्याने तळ्याच्या वर गवत धरले, तोंडाशी खड्डा घेतला आणि तीन आठवडे पाणी निवळू दिले. दरम्यान तो जिरे विकणाऱ्याकडे गेला, उधारीचे पैसे चुकते केले आणि मनातला संशयही सांगून टाकला. त्या विक्रेत्याने हंगामाच्या शेवटच्या पिशव्या त्याला पुन्हा उधारीवर दिल्या. या वेळी जाळ्यात बीज आले. पहिला तोटा पूर्ण भरून निघाला नाही, पण पुढच्या हंगामाचे भांडवल हाती राहिले आणि उधार देणारा माणूसही राहिला. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांनी पिशव्यांची मागणी नोंदवण्याआधी एक साधे भिंग विकत घ्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.